प्रचारकाळातील शांततापूर्ण सभा: अर्जाला उत्तरच मिळाले नाही, तर हक्क उरतो कुठे?

येरळाकाठ

नमस्कार. विधानसभेच्या २०२४ च्या निवडणुकीत सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी एका अपक्ष उमेदवाराच्या प्रचाराची कागदपत्रे सांभाळत होतो. त्या वेळचा एक प्रश्न अजून मनातून जात नाही, आणि पुढच्या निवडणुकीत तो पुन्हा समोर येणार आहे, म्हणून हा धागा काढत आहे.

आमच्याकडे मोठा वक्ता नव्हता आणि मोठ्या मैदानाची ऐपतही नव्हती. बाजारपेठेतल्या चौकात संध्याकाळी एक कोपरा सभा घ्यायची, दोन कर्णे, एक टेबल, थोड्या खुर्च्या आणि शेतीच्या पाण्यावर तासभर बोलणे, एवढाच आमचा कार्यक्रम होता. निवडणूक कार्यालयातील एक खिडकी कक्षात अर्ज दिला, जागेसाठी नगरपालिकेचा ना हरकत दाखला जोडला, ध्वनिक्षेपकाची मागणी वेगळी नोंदवली आणि पोच घेतली. अर्ज अभिप्रायासाठी पोलीस ठाण्याकडे गेला आणि तिथेच राहिला. कक्षात विचारले की ठाण्याचा अभिप्राय आलेला नाही असे सांगत, आणि ठाण्यात विचारले की साहेब बंदोबस्तात आहेत, उद्या या, असे उत्तर मिळे. त्याच चौकातून एका मोठ्या पक्षाची पदयात्रा जाण्याची शक्यता असल्यामुळे आमचा अर्ज बाजूला ठेवला आहे, हे आम्हाला फार उशिरा आणि तेही तोंडी कळले. लेखी नकार शेवटपर्यंत मिळाला नाही.

यातला वेळेचा हिशेब लक्षात घ्यावा. उमेदवारी मागे घेण्याची मुदत ४ नोव्हेंबरला संपली, मतदान २० नोव्हेंबरला होते आणि जाहीर प्रचार १८ तारखेच्या सायंकाळी थांबला. पक्षाच्या उमेदवाराचे चिन्ह लोकांना आधीपासून ठाऊक असते. अपक्षाला मात्र माघारीची मुदत संपल्यावरच चिन्ह मिळते आणि त्यानंतरच ते लोकांपर्यंत पोहोचवता येते. म्हणजे साऱ्या प्रचाराला दोन आठवडे. लोकप्रतिनिधित्व कायद्यातच माघार आणि मतदान यांच्यामध्ये किमान १४ दिवसांचे अंतर सांगितलेले आहे, आणि मतदान संपण्यापूर्वीच्या ४८ तासांत सभा व मिरवणुका बंद असतात. एवढ्या आखूड मुदतीत आठवडाभर उत्तर न देणे आणि स्पष्ट नकार देणे यांत मला काहीच फरक दिसत नाही. नकाराविरुद्ध निदान कुठेतरी दाद मागता येते. जे उत्तर दिलेच नाही, त्याविरुद्ध दाद कशी मागायची?

मिरजेचा वकील

आपण पोच घेतलीत हे फार चांगले केले. अशा प्रकरणात पुढचा सगळा युक्तिवाद त्या शिक्क्यावर आणि तारखेवर उभा राहतो.

मूळ मुद्द्यापासून सांगतो. संविधानाच्या अनुच्छेद १९ ने प्रत्येक नागरिकाला शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क दिला आहे. त्या हक्कावर वाजवी निर्बंध घालता येतात, परंतु ते देशाची सार्वभौमता व एकात्मता आणि सार्वजनिक सुव्यवस्था एवढ्याच कारणांसाठी. दुसऱ्या पक्षाची पदयात्रा येण्याची नुसती शक्यता या कारणांत बसत नाही.

आपल्याकडे सभांचे नियमन मुख्यतः १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाने होते, जो पूर्वी मुंबई पोलीस अधिनियम म्हणून ओळखला जाई. याच कायद्याखाली अहमदाबादमध्ये पोलिसांच्या परवानगीशिवाय रस्त्यावर सभा घेता येणार नाही असा नियम केला होता, आणि हिंमतलाल शहा यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने १९७२ मध्ये तो रद्द ठरवला. सभेचे नियमन करण्याचा पोलिसांचा अधिकार न्यायालयाने मान्य केला. वेळ, जागा, मार्ग, वाहतूक यांबाबत ते अटी घालू शकतात. मात्र परवानगी कोणत्या निकषांवर द्यायची किंवा नाकारायची हे न सांगता सगळे अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडणारा नियम टिकला नाही, आणि सार्वजनिक रस्त्यांवरील सभांवर सरसकट बंदीही राज्याला घालता येत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. आपल्या प्रकरणाशी इतका जवळचा दुसरा निकाल मला आठवत नाही.

आता आपल्या नेमक्या प्रश्नाविषयी. जिल्हाधिकारी निवडणूक जाहीर होताच जमावबंदीचे सरसकट आदेश काढतात, याविरुद्ध सामाजिक कार्यकर्ते अरुणा रॉय आणि निखिल डे यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. एप्रिल २०२४ मध्ये, लोकसभेचा प्रचार चालू असताना, न्यायमूर्ती गवई आणि न्यायमूर्ती मेहता यांच्या खंडपीठाने असा अंतरिम आदेश दिला की सभा किंवा यात्रेसाठी कोणी अर्ज केला तर सक्षम अधिकाऱ्याने तीन दिवसांत त्यावर निर्णय घ्यावा. तो आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ च्या संदर्भात होता आणि अंतरिम होता, हे मी लपवणार नाही. तरीही प्रचारकाळात तीन दिवसांहून अधिक वेळ लावणे योग्य नाही, ही देशाच्या सर्वोच्च न्यायालयाची भूमिका अर्जासोबत अधिकाऱ्यासमोर ठेवता येते, आणि ती ठेवलीच पाहिजे.

पेठेतला व्यापारी

वकीलसाहेबांचे म्हणणे कायद्याला धरून असेल, पण चौकातल्या सभेचा भार कोण सोसतो हेही इथे लिहिले गेले पाहिजे. माझे दुकान सांगलीच्या बाजारपेठेत आहे. सभा सायंकाळी सातची असली तरी दुपारी चारपासून टेम्पो लागतात, खांब उभे राहतात, दुकानासमोर दोरी बांधली जाते. गिऱ्हाईक गाडी लावायला जागा नाही म्हणून परत फिरते. २०२४ चा प्रचार दिवाळी संपते न संपते तोच सुरू झाला आणि तुळशीच्या लग्नानंतर लग्नाचा बस्ता बांधायला लोक बाहेर पडतात, त्याच आठवड्यात तो ऐन भरात होता. पेठेच्या मागे दवाखाने आहेत; कर्णा चालू असताना रुग्णाची रिक्षा गर्दीतून वाट काढत असलेली मी स्वतः पाहिली आहे.

सभेला माझा विरोध नाही. मैदाने आहेत, स्टेडियम आहे, तिथे सभा घ्याव्यात. रस्ता सर्वांचा आहे, तो एका उमेदवाराचा दोन तासांसाठीसुद्धा का व्हावा?

येरळाकाठ

दादा, आपला त्रास खरा आहे आणि दुकानासमोर दोरी बांधणाऱ्याला ती सोडायला लावण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. परंतु मैदानाच्या सूचनेमागची विषमता आपण पाहावी.

मोठे मैदान घ्यायचे म्हणजे भाडे, अनामत, मंडप, जनरेटर आणि ते भरण्याइतकी माणसे आणण्यासाठी गाड्या. विधानसभेच्या उमेदवाराची खर्चमर्यादा ४० लाख रुपये आहे. पक्षाचा उमेदवार तिच्या काठाने चालतो आणि आमच्यासारख्यांना तिचा दहावा भागही जमत नाही. निवडणूक विभागाचे चित्रीकरण पथक सभेला येते, व्यासपीठ, खुर्च्या, फलक, गाड्या यांची नोंद घेते आणि तो खर्च उमेदवाराच्या हिशेबात धरला जातो. मोठ्या मैदानात अर्ध्या खुर्च्या रिकाम्या ठेवून त्यांचा खर्च दाखवणे लहान उमेदवाराला परवडत नाही. शिवाय प्रचाराच्या अखेरच्या आठवड्यात मैदाने आधीच कोणाच्या ना कोणाच्या नावावर असतात. मैदाने आणि हेलिपॅड यांवर सत्ताधारी पक्षाने मक्तेदारी करू नये असे आदर्श आचारसंहितेत स्पष्ट लिहिलेले आहे, ते उगाच नव्हे.

आमच्या मतदाराची वेळही ठरलेली आहे. दिवसभर तो द्राक्षबागेत नाही तर उसाच्या फडात असतो आणि सातनंतर गावात येतो. रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो. या अडीच-तीन तासांत तो जिथे सापडतो ती जागा चौक हीच आहे. त्याला गावाबाहेरच्या मैदानावर बोलावणे म्हणजे ज्याच्याकडे गाड्या आहेत त्याचीच सभा होऊ देणे.

मिरजेचा वकील

थोडी भर घालतो, म्हणजे गैरसमज राहणार नाही. हवी ती जागा मागण्याचा हक्क कोणालाच नाही. रेल्वेच्या आवारात सभा घेण्याचा हक्क नाही असे सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये निरंजन सिंग प्रकरणात म्हटले होते. एखाद्या संस्थेचे आवार किंवा शाळेचे क्रीडांगण यांनाही तोच विचार लागू पडतो, मालकाच्या संमतीशिवाय ते मिळत नाही. रस्ता आणि चौक यांची गोष्ट वेगळी आहे, कारण ते सार्वजनिक वापराचे आहेत. तिथे वापर वाटून घ्यावा लागतो. व्यापारी बंधूंची तक्रार वाटणीची आहे, आणि तिला उत्तर अटींमधून देता येते. रस्त्याची एक बाजू मोकळी ठेवणे, दवाखान्याच्या दिशेला कर्णा न लावणे, सभा दीड तासात संपवणे, मांडणीचे काम सातच्या आधी सुरू न करणे, अशा अटी पोलिसांनी खुशाल घालाव्यात. सभाच नको, ही त्यांतली अट होऊ शकत नाही.

निवृत्त हवालदार, सातारा

नोकरीतील बराच काळ मी निवडणूक बंदोबस्त केला आहे, म्हणून ठाण्याच्या टेबलापलीकडचे सांगतो.

तालुक्याच्या ठाण्यात माणसे मोजकी असतात. निवडणुकीत त्यातली काही तपासणी नाक्यावर, काही भरारी पथकासोबत आणि काही मतदान यंत्रे ठेवलेल्या गोदामावर जातात. उरलेल्यांत मोठ्या नेत्याची सभा आली की सगळे ठाणे तिकडे जाते. त्या दिवशीचा लहान सभेचा अर्ज अधिकारी बाजूला ठेवतो, तो दरवेळी आकसाने ठेवतो असे नाही.

मात्र एक गोष्ट मी मनापासून मान्य करतो. सभा नाकारली म्हणून कोणा अधिकाऱ्याला वरून विचारणा झाल्याचे मी कधी पाहिले नाही. सभेत दगड पडला, तर मात्र त्याच रात्री जबाब द्यावा लागतो. त्यामुळे अधिकाऱ्याचा हात आपोआप नकाराकडे वळतो, आणि लेखी नकार दिला तर कारण लिहावे लागते म्हणून तो तोंडी देण्याकडे वळतो. येरळाकाठ यांनी जे भोगले ते इथून येते. लेखी उत्तर सक्तीचे केले, तर अर्धे नकार अधिकारी स्वतःच देणार नाहीत, कारण लिहिण्यासारखे कारण त्यांच्याकडे नसते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २७ सप्टेंबर २०२५ रोजी तमिळनाडूत करूर येथे अभिनेते विजय यांच्या पक्षाच्या सभेत चेंगराचेंगरी होऊन ४१ माणसे मरण पावली. लोक तासन्‌तास उन्हात ताटकळले होते आणि वक्ता फार उशिरा पोहोचला. बंदोबस्तातल्या माणसाला सर्वांत मोठी भीती असते ती याचीच: पाचची सभा, साडेआठला येणारा नेता, पाणी नाही, बाहेर पडायला एकच वाट आणि नेता दिसताच पुढे लोटणारी गर्दी. म्हणून जाण्यायेण्याच्या वेगळ्या वाटा, स्वयंसेवकांची यादी आणि वक्त्याची वेळ आम्ही मागत असू, तेव्हा आयोजक कपाळाला आठ्या घालत. त्या अटी माणसांच्या जिवासाठी असतात.

तरीही करूरसारखा धोका हजारोंच्या गर्दीत असतो, शंभर-दोनशे माणसांच्या कोपरा सभेत नसतो. आमच्याकडे दोन्हींना एकच अर्ज आणि एकच धास्ती, हे मला सेवेत असतानाही पटले नव्हते.

माणदेशची लेक

ही सगळी चर्चा बोलणाऱ्याच्या हक्काची चालली आहे. मी ऐकणाऱ्यांच्या बाजूने लिहिते.

मोठ्या सभेला आमच्या भागातून बायकांना टेम्पोत बसवून नेतात. दोन-तीन तास एका जागी बसायचे, नेत्याचा चेहरा पडद्यावर पाहायचा आणि अंधार पडल्यावर परतायचे. तिथे कोणी प्रश्न विचारू शकत नाही. वाडीतल्या कोपरा सभेला मात्र बायका आपल्या उंबऱ्यापाशी उभ्या राहून ऐकतात. टँकर कोणत्या दिवशी येतो आणि कोणाच्या दारात आधी रिकामा होतो, हे एका आजीने उमेदवाराला सर्वांसमक्ष विचारलेले मी पाहिले आहे, आणि त्याला तिथेच उत्तर द्यावे लागले. अशी सभा रद्द होते तेव्हा उमेदवाराचे भाषण तर बुडतेच, पण त्या आजीचा प्रश्नही बुडतो, आणि तिच्याकडे तो मांडायला दुसरी जागा नसते.

सभा उधळण्याविषयीही कोणी तरी लिहावे. आमच्याकडे एका उमेदवार ताईंच्या सभेत विरोधी गटाची पोरे दुचाकींचे भोंगे वाजवत घिरट्या घालत राहिली आणि बंदोबस्तावरच्या माणसाने ताईंनाच सभा आवरती घ्यायला सांगितले. हे कुठल्या न्यायाला धरून आहे?

मिरजेचा वकील

ताई, हे कोणत्याच न्यायाला धरून नाही. निवडणूक सभेत गोंधळ घालणे हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७ खाली दखलपात्र गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. आचारसंहितेनेही एका पक्षाची सभा चालू असलेल्या ठिकाणावरून दुसऱ्या पक्षाने मिरवणूक नेऊ नये असे बजावले आहे, आणि सभेत व्यत्यय आणणाऱ्यांविरुद्ध पोलिसांची मदत घेण्यास आयोजकांना सांगितले आहे. गोंधळ घालणाऱ्याला बाजूला करायचे आणि बोलणाऱ्याला बोलू द्यायचे, हा क्रम आहे. तो उलटा केला की कोणाचीही सभा बंद पाडण्यासाठी पाच दुचाकी पुरतात.

वडूजकर

आपल्या मातीतली एक गोष्ट नोंदवतो, कारण शांततापूर्ण जमावाशी अधिकाऱ्याने कसे वागावे हा प्रश्न इथे १९४२ मध्येच रक्ताने लिहिला गेला आहे.

त्या वर्षी जुन्या सातारा जिल्ह्यात, ज्यात आजच्या सांगलीचे तासगाव आणि वाळवा हे तालुकेही होते, कचेऱ्यांवर निःशस्त्र मोर्चे निघाले. ३ सप्टेंबरचा तासगावचा मोर्चा शांततेत पार पडला. ९ सप्टेंबरला वडूजच्या कचेरीवर तिरंगा घेऊन चाललेल्या मोर्चावर मात्र गोळीबार झाला आणि परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण हुतात्मा झाले. दुसऱ्याच दिवशी इस्लामपुरातही गोळ्या चालल्या. एकच जिल्हा, एकच मागणी, तसेच निःशस्त्र लोक आणि मधे जेमतेम आठवडा. दिवस शांततेत जाईल की नाही हे जमावाइतकेच समोरच्या अधिकाऱ्याच्या निर्णयावर ठरते, असे मी त्यातून समजतो. आजचे पोलीस परक्या सरकारचे नाहीत आणि मी तशी तुलनाही करत नाही. पण ज्या तालुक्यांनी शांततेने जमण्यासाठी एवढी किंमत मोजली, तिथे एका नागरिकाच्या अर्जाला साधे लेखी उत्तर मिळू नये, याचे मला फार वाईट वाटते.

पेठेतला व्यापारी

वकीलसाहेबांनी सांगितलेल्या अटी अर्जातच लिहिल्या जाणार असतील, तर चौकातल्या सभेला माझी हरकत राहणार नाही. आयोजकांनी आदल्या दिवशी पेठेतल्या चार दुकानदारांना भेटून वेळ सांगितली, तर आम्हीही माल उतरवायची वेळ बदलू शकतो. आजवर कोणी विचारलेच नाही, ही आमची खरी तक्रार आहे.

येरळाकाठ

हे मी नक्की करेन, दादा. वकीलसाहेब, शेवटचे दोन प्रश्न विचारतो. आमच्या ठाण्यात भिंतीवर कलम ३७(३) चा जमावबंदी आदेश लावलेला असतो आणि तो दाखवून सभा होणारच नाही असे सांगितले जाते, ते बरोबर आहे का? आणि पुढच्या वेळी पुन्हा उत्तरच आले नाही, तर दोन आठवड्यांत आम्ही नेमके काय करायचे?

मिरजेचा वकील

महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(३) खालचा आदेश सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी जमाव व मिरवणुकांना मनाई करतो आणि राज्य शासनाच्या मंजुरीशिवाय तो १५ दिवसांहून अधिक काळ चालत नाही. सांगली आणि सातारा या आपल्या दोन्ही जिल्ह्यांत असे आदेश सण, आंदोलने आणि निवडणुका यांच्या निमित्ताने वारंवार निघतात. भिंतीवरचा आदेश पूर्ण वाचा, त्याची मुदत पाहा आणि परवानगी घेतलेल्या सभा त्यातून वगळल्या आहेत का ते तपासा. असा आदेश हे परवानगी मागण्याचे कारण असू शकते. अर्ज न वाचता परत करण्याचे कारण असू शकत नाही. जमावबंदीचा आदेश प्रसिद्ध केला पाहिजे, त्यात कारणे असली पाहिजेत आणि रास्त मतप्रदर्शन दडपण्यासाठी तो वापरता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने काश्मीरमधील निर्बंधांविषयीच्या अनुराधा भसीन प्रकरणात जानेवारी २०२० मध्ये कलम १४४ बाबत सांगितले आहे. तो विचार इथेही मांडता येतो.

आता कार्यपद्धती. अर्ज सभेच्या किमान ४८ तास आधी करावा लागतो, तो आपण चार-पाच दिवस आधी करा. विधानसभा व लोकसभेसाठी निवडणूक आयोगाच्या ‘सुविधा’ या परवानग्यांच्या ऑनलाइन पोर्टलवर केला तर नोंदीची वेळ आपोआप राहते आणि जो आधी येईल त्याचा अर्ज आधी, हे तत्त्व तिथे दाखवता येते. त्यात सुरुवातीची व शेवटची वेळ, अपेक्षित माणसे, कर्ण्यांची संख्या व दिशा, मोकळी ठेवायची बाजू आणि एक पर्यायी जागा स्वतःच लिहा, म्हणजे नाकारण्यासारखे फारसे उरत नाही. तिसऱ्या दिवशी उत्तर नसेल, तर निवडणूक निर्णय अधिकारी आणि निवडणूक निरीक्षक या दोघांनाही लेखी स्मरणपत्र द्या आणि त्यावरही पोच घ्या. निरीक्षक बाहेरून आलेले असतात आणि अशा तक्रारी ऐकणे हे त्यांचे कामच आहे.

तरीही दाद लागली नाही, तर उच्च न्यायालय आहे. पूर्वी यासाठी मुंबई गाठावी लागे, आणि तिथे वकील शोधून प्रकरण पटलावर येईपर्यंत प्रचार संपलेला असे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ सुरू झाले आहे आणि सातारा व सांगली हे दोन्ही जिल्हे त्याच्या कक्षेत आहेत. सकाळी मिरजेहून निघालेला माणूस कामकाज सुरू होण्याआधी तिथे पोहोचतो. आपल्या अर्जाची पोच, स्मरणपत्राची पोच आणि नगरपालिकेचा दाखला जपून ठेवा, त्यांच्या प्रती मला पाठवा. पुढच्या वेळी तिसरा दिवस मावळला की चौथ्या सकाळी आपण याचिका दाखल करू.